बॉयलरची मानके आणि यंत्रनिर्मितीतील नवता

यंत्रविद्येच्या इतिहासात शोधक व त्यांचे शोध यांस जे स्थान मिळते ते नियम, कसोट्या आणि मानके यांस क्वचितच मिळते. मानक म्हणजे बंधन आणि बंधन म्हणजे प्रगतीस अडसर, अशी एक समजूत कारखानदारांत आणि काही प्रमाणात अर्थशास्त्राच्या अभ्यासकांतही रूढ आहे. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे नव्हे. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून वाफेच्या बॉयलरचा विकास कसकसा होत गेला हे क्रमाने पाहिले असता त्या समजुतीस मुरड घालावी लागते. ज्या मानकाने यंत्राचा आकार किंवा एखादा विशिष्ट भाग कायमचा ठरवून टाकला, ते लवकरच अडचणीचे ठरले. ज्या मानकाने साधावयाचे फळ व ते तपासण्याची कसोटी सांगितली आणि स्वतःच्या दुरुस्तीची सोय ठेवली, त्याने नव्या रचनांना वाट करून दिली. बॉयलरच्या बाबतीत या भेदाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली गेली असल्याने हे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

१. उच्च दाब आणि पहिले नियम

जेम्स वॅटची एंजिने वातावरणाच्या दाबाहून किंचित अधिक दाबाच्या वाफेवर चालत, आणि उच्च दाबाच्या वाफेस त्याचा विरोध होता. १८०० च्या सुमारास रिचर्ड ट्रेव्हिथिक याने उच्च दाबाची लहान आणि स्वस्त एंजिने बांधण्यास प्रारंभ केला. १८०३ साली ग्रीनिच येथे त्याच्या एका बॉयलरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर ट्रेव्हिथिकने आपल्या बॉयलरना दोन सुरक्षा-झडपा आणि शिशाची डाट बसविण्याची पद्धत सुरू केली. पाण्याची पातळी धोक्याइतकी खाली गेली की ही डाट वितळून वाफेस वाट मिळे. धोक्यातून सुचलेली ही सुधारणा एका शोधकाची होती. ती इतरांवर बंधनकारक नव्हती, आणि आपल्या मालाची किंमत वाढविणारी गोष्ट प्रतिस्पर्धी स्वखुशीने पत्करतील असे मानण्याचेही कारण नव्हते.

१८१७ साली इंग्लंडमधील नॉरिच येथे एका आगबोटीचा बॉयलर फुटला. त्याचे एक टोक ओतीव लोखंडाचे होते. ब्रिटिश संसदेच्या समितीने चौकशी करून घडीव लोखंडाचे किंवा तांब्याचे बॉयलर, दोन सुरक्षा-झडपा आणि तपासणी यांची शिफारस केली. परंतु त्या शिफारशीवरून त्या वेळी कायदा झाला नाही.

फ्रान्सने वेगळा मार्ग धरला. १८२३ च्या राजाज्ञेने उच्च दाबाच्या बॉयलरवर पाण्याच्या दाबाची चाचणी, दोन सुरक्षा-झडपा आणि वितळणाऱ्या मिश्रधातूच्या चकत्या इतक्या गोष्टी सक्तीच्या केल्या. ठरावीक तापमानास ही चकती वितळावी व वाफ मोकळी व्हावी, अशी कल्पना होती. परंतु त्यासाठी कोणत्या दाबाच्या वाफेचे तापमान किती असते हे नेमके ठाऊक असावयास हवे होते, आणि उच्च दाबांच्या बाबतीत ते कोणासही ठाऊक नव्हते. सरकारने फ्रेंच विज्ञान अकादमीकडे विचारणा केली. ड्यूलाँ व आरागो यांनी चोवीस वातावरणांच्या दाबापर्यंत प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १८३० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. हे प्रयोग जोखमीचे होते आणि वाफेच्या गुणधर्मांविषयीच्या ज्ञानात त्यांनी मोलाची भर घातली.

या प्रसंगातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मानकाने विचारलेल्या प्रश्नामुळे विज्ञानास एक निश्चित काम मिळाले. राजाज्ञा नसती तर ते प्रयोग त्या वेळी आणि त्या व्याप्तीने झाले असते काय, याविषयी शंका घेता येईल. दुसरा निष्कर्ष याच्या उलट आहे. वितळणाऱ्या चकत्या व्यवहारात भरवशाच्या ठरल्या नाहीत. मिश्रधातूतील घटक उष्णतेने वेगळे होत, चकती वेळेआधीच मऊ पडे, आणि पुढे त्यांच्याविषयीचा आग्रह सोडून द्यावा लागला. पाण्याच्या दाबाची चाचणी मात्र टिकली आणि ती आजही घेतली जाते. चकती हे एक विशिष्ट साधन होते, तर चाचणी ही कोणत्याही साधनास लावता येणारी कसोटी होती, हाच दोहोंतील फरक होय.

२. नद्यांवरील आगबोटी आणि सूतगिरण्या

अमेरिकेतील मोठ्या नद्यांवर आगबोटींची वाहतूक जसजशी वाढली तसतसे अपघातही वाढले. पेटंट आयुक्तांनी १८४८ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे १८१६ ते १८४८ या काळात आगबोटींवर २३३ स्फोट होऊन २,५६२ माणसे मेली आणि २,०९७ जखमी झाली. स्फोटांची कारणे मात्र विवाद्य होती. तापलेल्या पत्र्यावर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन तयार होतो व तो पेट घेतो, असे कित्येक जाणकार मानीत. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या समितीने १८३० ते १८३६ या काळात अलेक्झांडर डॅलस बेश याच्या नेतृत्वाखाली या मतांची प्रयोगांनी पारख केली. त्यासाठी संघीय कोषागाराने पैसा दिला होता. हायड्रोजनची उपपत्ती टिकली नाही. वाफेचा दाब हळूहळू वाढूनही भयंकर स्फोट होऊ शकतो, हे सिद्ध झाले. तापमानाप्रमाणे लोखंडाचे बळ कसे बदलते याचेही मापन झाले.

या ज्ञानाचा उपयोग करणारा परिणामकारक कायदा १८५२ साली झाला. त्यान्वये बॉयलरच्या पत्र्यावर निर्मात्याचा शिक्का, दरवर्षी पाण्याच्या दाबाची चाचणी आणि एंजिनचालकास परवाना या गोष्टी आवश्यक झाल्या, तसेच दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचास ११० पौंड ठरली. पत्र्यावरील शिक्क्याने निकृष्ट लोखंड खपविणाऱ्यास ओळख लपविणे कठीण केले आणि चांगला माल करणाऱ्यास त्याचा मोबदला मिळण्याची शक्यता निर्माण केली. दाबाचा आकडा मात्र त्या काळच्या लोखंडावरून ठरलेला होता. पोलादाचे पत्रे सुलभ झाल्यावर असा आकडा कालबाह्य होणे अपरिहार्य होते.

इंग्लंडच्या कापड-जिल्ह्यांत कायद्याऐवजी वापरणाऱ्यांच्या संघटनेने हे काम हाती घेतले. विल्यम फेअरबेर्न याने १८४४ साली जॉन हेदरिंग्टन याच्यासमवेत ज्या बॉयलरचे पेटंट घेतले तो लँकाशायर बॉयलर या नावाने प्रसिद्धीस आला. आडव्या दंडगोलात दोन मोठ्या भट्टीनळ्या, अशी त्याची रचना होती. १८५४ साली मँचेस्टर येथे वाफ वापरणाऱ्या कारखानदारांचा संघ स्थापन झाला. सभासदांच्या बॉयलरची नियमित तपासणी हे त्याचे मुख्य कार्य होते, आणि फेअरबेर्न त्याच्या संस्थापकांपैकी होता. अशा तपासण्यांतून व अपघातांच्या चौकशांतून एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे येत असे. बाहेरचे कवच शाबूत राही आणि आतील भट्टीनळी मात्र बाहेरच्या दाबाने चेपून जाई. फेअरबेर्नने नळ्यांवर प्रयोग केले आणि १८५८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नळी जितकी लांब तितकी ती कमी दाबास चेपते, हा त्यांचा सारांश होय. तोवर लांबीचा या गोष्टीशी संबंध आहे असे सामान्यतः मानले जात नसे. यावरून लांब नळीस ठरावीक अंतरावर कडी बसविण्याचा उपाय निघाला. डॅनियल ॲडमसन याने १८५२ साली काढलेल्या कडेदार जोडालाही यामुळे शास्त्रीय आधार मिळाला, कारण तो जोड नळीचे आखूड तुकडे पाडून तिला कड्यांप्रमाणेच बळकटी देतो. लँकाशायर बॉयलर अधिक दाबास वापरणे यामुळे शक्य झाले.

याच सुमारास अन्यत्रही अशाच संस्था उदयास आल्या. १८६५ साली जर्मनीतील मानहाइम येथे एका मद्यनिर्मितिगृहात बॉयलर फुटल्यावर १८६६ साली तेथे तपासणी-संघ स्थापन झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत हार्टफर्ड येथे बॉयलरची तपासणी व विमा यांसाठी कंपनी निघाली. विमा उतरविणाऱ्यास धोक्याचा हिशेब ठेवावाच लागतो. सुरक्षित रचनेस बाजारात मूल्य येण्यास या हिशेबाचे साहाय्य झाले. बॅबकॉक व विल्कॉक्स यांनी १८६७ साली पेटंट घेतलेल्या बॉयलरमध्ये पाणी नळ्यांत आणि आग बाहेर अशी योजना होती. एखादी नळी फुटली तरी थोडेच पाणी बाहेर पडून मोठा अनर्थ टळावा, हा त्यामागील हेतू होता. उच्च दाबाच्या पुढील विकासाचा पाया याच प्रकारच्या रचनेवर उभा राहिला.

३. एका सांध्याची कथा आणि १९१४ ची संहिता

अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या, म्हणजे ए. एस. एम. ई. च्या, इतिहासनोंदीप्रमाणे १८७० ते १९१० या काळात उत्तर अमेरिकेत बॉयलरचे किमान दहा हजार स्फोट झाले. त्यांपैकी २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथे जोड्यांच्या कारखान्यात झालेला स्फोट निर्णायक ठरला. नवा बॉयलर दुरुस्तीसाठी बंद असल्याने जुना चालू करण्यात आला होता. तो फुटून इमारत कोसळली, आग लागली आणि ५८ माणसे प्राणास मुकली. पुढील वर्षी त्याच राज्यात लिन येथे पुन्हा स्फोट झाला.

ब्रॉक्टनच्या बॉयलरचे पत्रे एकावर एक कड चढवून रिव्हेटांनी जोडलेले होते. अशा जोडात दंडगोल खरा गोल राहत नाही. दाब चढताना व उतरताना जोडाजवळ पत्रा किंचित वाकतो, आणि वर्षानुवर्षे तसे घडल्याने रिव्हेटांच्या रांगेत, वरच्या पत्र्याखाली झाकलेल्या भागात चीर पडते. ती बाहेरून दिसत नाही. हातोडीने ठोकून किंवा पाण्याच्या दाबाची चाचणी घेऊनही ती सापडेल अशी खात्री नसते. यावर उपाय म्हणजे पत्र्यांच्या कडा समोरासमोर भिडवून आतून व बाहेरून पट्ट्या ठोकणे. ही पद्धत ज्ञात होती, परंतु ती महाग पडत असे. स्वस्त जोड वापरणारा प्रतिस्पर्धी बाजारात असताना चांगला जोड वापरणारा निर्माता तोट्यात जाई. मॅसॅच्युसेट्सने १९०७ साली कायदा करून बॉयलर-नियमांसाठी मंडळ नेमले, आणि नव्या नियमांनी एकावर एक चढविलेल्या जोडास मर्यादा घातल्या. स्पर्धेची पातळी बदलली. सुरक्षिततेत काटकसर करून किंमत उतरविणे अशक्य झाल्यावर निर्मात्यांस अन्य दिशांनी कौशल्य दाखवावे लागले.

यातून एक नवी अडचण उद्भवली. १९११ साली ओहायोनेही नियम केले, आणि इतर राज्येही त्याच मार्गास लागतील हे उघड होते. एका राज्यात मान्य झालेला बॉयलर दुसऱ्या राज्यात अमान्य ठरला तर प्रत्येक नव्या रचनेची पेठ एका राज्यापुरतीच मर्यादित होणार, आणि मग नव्या रचनेवर खर्च कोण करणार? १९११ साली ए. एस. एम. ई. चे अध्यक्ष असलेले कर्नल ई. डी. मायर हे स्वतः बॉयलर-निर्माते होते. त्यांनी जॉन ए. स्टीव्हन्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुष्कळ हरकती आणि सुनावण्या यांनंतर १९१४ ची संहिता तयार होऊन फेब्रुवारी १९१५ मध्ये संमत झाली. तिची पृष्ठे अवघी ११४ होती. १९१९ साली निरनिराळ्या राज्यांच्या मुख्य निरीक्षकांचे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले, आणि संहितेप्रमाणे बांधून शिक्का मारलेला बॉयलर राज्याराज्यांत मान्य होऊ लागला.

या संहितेचे वैशिष्ट्य तिच्या आकड्यांपेक्षा तिच्या कार्यपद्धतीत होते. समिती नियमितपणे बैठका घेई, निर्माते व निरीक्षक यांनी विचारलेल्या शंकांना उत्तरे देई आणि ती प्रसिद्ध करी. नियमांत न बसणारी रचना घेऊन येणाऱ्यास ती का सुरक्षित आहे हे पुराव्यानिशी दाखविण्याची संधी मिळे. सिद्ध झालेली गोष्ट प्रथम विशेष प्रकरण म्हणून आणि नंतर मूळ नियमांत सामावली जाई. प्रयोगशाळा व कारखाना यांच्यामध्ये अशा रीतीने एक सार्वजनिक दालन निर्माण झाले.

४. वितळजोड, सुरक्षा-गुणक आणि प्रतिस्पर्धी संहिता

मॅसॅच्युसेट्समधीलच वेमथ येथील एडगर वीजकेंद्रात १९२५ साली दर चौरस इंचास १,२०० पौंड दाबाचा बॉयलर कार्यान्वित झाला. अशा दाबास रिव्हेटांनी जोडलेला ड्रम इतका जाड करावा लागतो की ती पद्धत अव्यवहार्य ठरते. म्हणून अखंड घडविलेले ड्रम वापरले गेले, आणि ते अत्यंत खर्चाचे होते. पत्रे वितळवून जोडणे हा स्वस्त पर्याय होता. परंतु जोडाच्या आत पोकळी किंवा मळी राहिली आहे काय, हे बाहेरून कळण्यास साधन नव्हते. संहितेने ड्रमसाठी हा जोड दीर्घकाळ नाकारला, आणि अशा पद्धतीने जोडलेली पात्रे तेलशुद्धीच्या धंद्यात आधीच वापरात होती. मानक नवतेच्या मागे राहिले असे येथे म्हटले पाहिजे. तथापि नकाराचे कारण स्पष्ट असल्याने उत्तर कोणत्या स्वरूपाचे हवे हेही स्पष्ट होते. १९३१ साली संहितेने क्ष-किरण-तपासणी, नमुना-तुकड्यांच्या चाचण्या आणि उष्णतोपचाराने अंतर्गत ताण घालविणे या अटींवर वितळजोडास मान्यता दिली. मान्यता मिळाल्यावर ही पद्धत झपाट्याने पसरली, आणि वैद्यकात प्रसिद्ध असलेल्या क्ष-किरणांस अवजड कारखानदारीत कायमचे स्थान मिळाले.

सुरक्षा-गुणकाची कथाही अशीच आहे. १९१४ च्या संहितेत धातूच्या तुटण्याच्या बळाचा एक-पंचमांश इतकाच ताण अनुज्ञेय होता. तेलधंद्यास हे जाचक वाटले. १९३४ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट व ए. एस. एम. ई. यांची संयुक्त संहिता निघाली. तिने नियतकालिक तपासणीच्या अटीवर गुणक चारवर आणला. दोन संहितांची ही स्पर्धा १९५६ अखेरपर्यंत चालली. तत्पूर्वीच, दुसऱ्या महायुद्धातील पोलादाच्या टंचाईच्या अनुभवानंतर, मूळ संहितेनेही चारचा गुणक स्वीकारला होता. १९९९ साली तो साडेतीनवर आला. १९६८ साली दाबपात्रांसाठी एक पर्यायी विभाग निघाला. ताणांचे सविस्तर विश्लेषण करण्यास तयार असलेल्या अभिकल्पकास त्यात पातळ भिंतीची मुभा होती. गुणक म्हणजे अज्ञानाचे माप होय. जो अधिक जाणतो त्यास कमी धातू पुरतो, हे तत्त्व नियमात आल्यामुळे ज्ञान मिळविण्यास आर्थिक कारण उत्पन्न झाले.

या तत्त्वाची दुसरी बाजू उच्च तापमानाच्या पोलादात दिसते. तापलेला धातू स्थिर भाराखालीही वर्षानुवर्षे हळूहळू ताणला जातो. म्हणून एक लाख तासांत धातू तुटेल असा ताण किती, हे संहितेस आधारभूत मानावे लागते. ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुधारलेल्या नऊ टक्के क्रोमियमच्या पोलादास १९८० च्या दशकात संहितेच्या सारणीत स्थान मिळाले, आणि त्यानंतरच ते वीजकेंद्रांत वापरता येऊ लागले. सारणीतील एक ओळ मिळविण्यासाठी दीर्घकाळ चाचण्या कराव्या लागतात, हे खरे. परंतु ती ओळ एकदा मिळाली की प्रत्येक खरेदीदारास स्वतंत्रपणे पटवीत बसावे लागत नाही.

५. भारतीय अनुभव

मुंबईत १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी सूतगिरणीची कंपनी काढल्यापासून वाफेचा बॉयलर हा त्या शहराच्या औद्योगिक जीवनाचा भाग झाला. भारतात बॉयलरविषयक कायद्याचा प्रारंभ मात्र कलकत्त्यास झाला. तेथील १८६३ च्या भीषण स्फोटानंतर १८६४ साली बंगालचा कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांती भिन्न नियम होऊन अमेरिकेतील राज्यांसारखीच विसंगती निर्माण झाली. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने ती दूर करण्याचा मार्ग दाखविला, आणि १९५० च्या भारतीय बॉयलर विनियमांनी देशभर एकच तांत्रिक पाया घातला. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे.

येथील अनुभवात एक इशाराही आहे. १९२३ च्या कायद्याने पाच गॅलनांहून अधिक धारणेच्या पात्रासच बॉयलर मानले. ही मर्यादा पुढे २२.७५ लिटर अशी व्यक्त झाली. परिणामी, धारणा या आकड्याखाली ठेवून नळीच्या वेटोळ्यात झटपट वाफ करणारे लहान बॉयलर बनविण्याचा धंदा फोफावला, आणि विनियमांच्या बाहेरचा बॉयलर ही विक्रीची ओळख झाली. कल्पकता येथेही आहे. परंतु तिचा रोख इंधनाच्या किंवा जीविताच्या रक्षणाकडे असण्यापेक्षा आकड्याच्या सीमारेषेकडे आहे. धोका दाब व साठविलेली ऊर्जा यांवर अवलंबून असताना केवळ धारणेवर रेषा आखली की असे घडते.

याउलट उदाहरण महाराष्ट्राच्या साखरधंद्यात आढळते. पूर्वी साखर कारखान्यांत दर चौरस सेंटिमीटरला २१ किंवा ३२ किलोग्रॅम दाबाचे बॉयलर सामान्यतः असत. चिपाडापासून कारखान्याच्या गरजेहून अधिक वीज निर्माण करून ती विकण्याची सोय झाल्यावर ६७, ८७ व त्याहूनही अधिक दाबाचे बॉयलर आले. वीजविक्रीने दाब वाढविण्याचे कारण पुरविले. परंतु पोलाद, जोड आणि पाण्याची शुद्धता यांविषयीचे नियम आधीच सिद्ध असल्याने सहकारी संस्थेचे संचालक मंडळ अशा यंत्रासाठी कर्ज काढू शकले व धनको ते देऊ शकला.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून मानके हीच नवतेची जननी होत, असा निष्कर्ष काढणे अतिशयोक्तीचे होईल. दाब वाढविण्याची मूळ प्रेरणा कोळशाच्या बचतीतून व टर्बाइनच्या गरजेतून आली, मानकांतून नव्हे. मानकांनी तीन गोष्टी केल्या. अज्ञात असलेल्या राशींचे मापन करण्यास भाग पाडले. सुरक्षिततेत काटकसर करण्याचा सोपा मार्ग बंद करून स्पर्धेस अन्य दिशेस वळविले. आणि नव्या यंत्रास अनोळखी खरेदीदाराचा विश्वास मिळवून दिला. या तिन्ही गोष्टी तेव्हाच साधल्या जेव्हा नियमाने साधनाऐवजी कसोटी सांगितली, धोक्याच्या खऱ्या कारणावर बोट ठेवले आणि पुराव्यापुढे नमण्याची तयारी ठेवली.

फ्रान्समधील चकती, ११० पौंडांची मर्यादा आणि २२.७५ लिटरची रेषा यांत ही तयारी नव्हती. पाण्याच्या दाबाची चाचणी, क्ष-किरणांची अट आणि एक लाख तासांचा हिशेब यांत ती होती. औद्योगिक धोरणाचा विचार करताना नियम कडक असावेत की सैल, असा प्रश्न बहुधा विचारला जातो. बॉयलरचा इतिहास त्याआधी दुसरा प्रश्न विचारावयास सांगतो, तो हा की नियम नेमके काय मोजतो. ब्रॉक्टनच्या कारखान्यातील ५८ जणांचा बळी घेणारी चीर कोणत्याही प्रचलित तपासणीत दिसण्यासारखी नव्हती. ती दृष्टीस आणणारी कसोटी शोधणे आणि ती सर्वांवर सारखीच बंधनकारक करणे, हे कार्य कोणत्याही नामांकित शोधकाच्या कार्याहून कमी मोलाचे मानता येणार नाही.